ससा क्रमांक सातचं सीरम

ओकायामा,
शुक्रवार, २७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादाला धाकट्या हिसाएचा वाकून नमस्कार. (वहिनी, माझी पत्रं आधी तू वाफेवर उघडून वाचतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा तुलाही इथेच नमस्कार करून टाकते.) इकडे उमेच्या झाडांना फुलं आली, पण थंडी काही हलायला तयार नाही. तुमच्या डोंगरात तर देवळाच्या पायऱ्यांवर अजून बर्फ असेल. तुझे गुडघे कसे आहेत? तासतासभर गुडघे मोडून बसू नकोस, असं डॉक्टरांनी सांगितल्याला दोन वर्षं झाली, आणि तू अजून बसतोस, असं कानावर आलं. मुळ्याचं लोणचं पोचलं. पोस्टमन ते दारात ठेवून घंटा न वाजवताच पळाला, म्हणजे उत्तम मुरलं आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत 'नाही' म्हणतोस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. विषय तुझ्याच कामाचा आहे. दर ऑक्टोबरात तू आमच्या प्राणिगृहामागच्या शिळेपुढे येतोस, वर्षभरात प्रयोगांत गेलेल्या उंदीर-सशांसाठी सूत्रं म्हणतोस, आणि मी सगळ्यात मागे उभी राहून घड्याळ बघते. बाबा गेल्यावर देऊळ तू घेतलंस आणि मी मेंदूचे काप काढायला शहरात आले, तेव्हापासून मी म्हणत आले आहे की मेलेल्या उंदराला सूत्राचा काय उपयोग. ते वाक्य मी मागे घेत नाही. पण त्यात थोडी दुरुस्ती करायची वेळ आली आहे.

माझं काम तुला ठाऊक आहे असं तू गावभर सांगतोस ('आमची हिसाए डॉक्टरांकडे असते'), पण तुला काडीचंही ठाऊक नाही, म्हणून एकदाच नीट सांगते. जीव घाबरला, की मूत्रपिंडांवर बसलेल्या टिचभर ग्रंथींतून एक संप्रेरक रक्तात सुटतं. ते अंगभर फिरतं, पेशीत शिरतं, आणि आत त्याचीच वाट बघत बसलेल्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं. मग दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात जातात आणि तिथे काय चालू करायचं, काय बंद करायचं, ते ठरवतात. तू देवळाच्या छपरावरून घसरलास तेव्हा तुझ्या आत हेच झालं, उंदराला मांजराचा वास आला की त्याच्या आतही हेच होतं. हा रिसेप्टर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते. त्या रिसेप्टरचा एक बारीक तुकडा, पंधरा मण्यांची माळ म्हण हवं तर, सशाला टोचायचा. सशाला वाटतं शत्रू आला. त्याचं रक्त तेवढाच तुकडा नेमका ओळखून धरणारी अँटीबॉडी बनवायला लागतं. रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, मी मेंदूच्या कापावर घालते, वर रंग चढवते, आणि जिथे रिसेप्टर असेल तिथेच तपकिरी डाग उमटतो. तीस वर्षं हे करते आहे, आणि डाग उमटताना अजून माझा श्वास अडकतो. (हे कुणाला सांगू नकोस. इथे माझी ख्याती खडूस म्हणून आहे.)

सगळ्या सशांना हे जमत नाही. आमच्या एक ते सहा क्रमांकांनी नुसतं खाल्लं. क्रमांक सातने मात्र असं स्वच्छ सीरम दिलं, की डाग पडायचा तिथेच पडायचा, बाकी काच कोरी. पण सहा वर्षांपूर्वी, त्याचं शेवटचं रक्त काढून त्याला निरोप द्यायच्या दिवशी, आमच्याकडे आलं ते अपेक्षेच्या निम्मंच. तेव्हापासून मी त्या मेलेल्या जिवाला चिकटू म्हणत आले. आणि त्याच सीरमवर आमच्या चिहारु आकागीचा सगळा प्रबंध उभा आहे. ही पोरगी एकोणतीस वर्षांची, हसताना तोंडावर हात धरणारी, आणि उंदराला पिंजऱ्यातून काढताना त्याची माफी मागणारी. तोकुशिमाला तिची नोकरी ठरलेली, पण मार्चअखेर पदवी हातात असली तरच. प्रबंध द्यायची शेवटची तारीख तीस जानेवारी. परीक्षकांनी एकच अट घातली होती. ज्यांच्या मेंदूत हा रिसेप्टर जन्मापासूनच नाही असे उंदीर मिळतात. तशा उंदराच्या मेंदूवर हीच अँटीबॉडी घाला, काप कोरा राहिला तर तुमचे बाकीचे डाग खरे मानू, नाहीतर नाही. (अट रास्त आहे. मी परीक्षक असते तर मीही घातली असती, आणि वर दोन घातल्या असत्या.)

सात नंबरची एकच नळी उरली होती, म्हणून आधी बाजारातल्या तीन अँटीबॉड्या मागवून पाहिल्या. कंपन्यांची नावं लिहीत नाही, त्यांनाही पोटं आहेत. तिन्हींनी साध्या उंदराचा मेंदू तपकिरी केला, आणि रिसेप्टर नसलेल्याचाही तितक्याच आनंदाने तपकिरी केला. मग मी रागारागाने वाळवलेला तोफू मेणात बसवला, त्याचे पातळ काप काढले आणि त्यावर ती अँटीबॉडी घातली. तोही तपकिरी! म्हणजे तोफूलाही ताण येतो, आणि आपण त्याला रोज सकाळी सूपमध्ये बुडवतो. आमच्या प्राध्यापिका मियाके मॅडम यांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "हिसाए, या प्राण्याला केंद्रक नाहीच का गं?" मी खरं सांगितलं. त्यांनी तो काप अजून जपून ठेवला आहे.

तेव्हा सगळी भिस्त त्या शेवटच्या नळीवर. आणि आता मी काय केलं ते ऐक. आमच्या मजल्यावर मागायची पद्धत अशी, की माणूस कुठून तरी फिरून येतो, सगळ्यांना मिठाई वाटतो, माझ्यापुढे दोन जास्तीच्या वड्या ठेवतो, आणि मग हळूच बर्फाचा डबा पुढे करतो. 'हिसाएताई, त्या सात नंबरचे दोन थेंब...' मिठाई खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही. असे थेंब देता देता एकच नळी राहिली, म्हणून मी तिच्यावर खोटी चिठ्ठी लावली: 'बेडकाचं सीरम, नासलेलं.' नासलेला बेडूक कोण मागणार? कुणी मागितला नाही. चिहारुलाही सांगितलं नाही, कारण ती कुणालाच नाही म्हणू शकत नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते, की हळूहळू मीही ते विसरले.

डिसेंबरात वर्षअखेरची मोठी साफसफाई आली. तिची सेनापती मी. डोक्याला फडकं, हातात यादी, आणि तोंडाचा पट्टा. मोठ्या फ्रीजरचा बर्फ उतरवला, एकेक नळी बाहेर, आणि नियम माझाच: ज्यावर नाव नाही ते बाद, ज्यावर 'नासलेलं' ते बाद. ती नळी चिहारुच्या हातात आली. तिने वाचली, थबकली, आणि म्हणाली, "मावशी, आपल्याकडे बेडूक कधी होते?" मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, असल्या शंका काढत बसलात तर नवं वर्ष उजाडेल, कुणाचा तरी जुना कचरा आहे, टाक! आणि तिच्या हातातून घेऊन मीच टाकली, जोरात. त्या पिशव्या वाफेच्या भांड्यात तासभर शिजवून मगच बाहेर जातात. अँटीबॉडी शिजवली की तिचं उकडलेलं अंडं होतं.

हे मला आठवलं एकतीस तारखेला दुपारी, घरचा फ्रिज पुसताना. तिथे एका डब्यावर मीच लिहिलं होतं 'बुरशी आलेलं, हात लावू नये' (आत चांगली माशाची अंडी होती, भाचे येतात म्हणून). डबा हातात घेतला, माझंच अक्षर वाचलं, दादा. जमिनीवर बसून राहिले. माझ्या त्या टिचभर ग्रंथींनी त्या दिवशी काय काय सोडलं असेल! माझे स्वतःचे काप काढले असते तर सगळी काच काळी झाली असती. वर्षाचा पहिला दिवस मी कुणाला शुभेच्छाही दिल्या नाहीत. तुझा फोन आला तेव्हा सर्दी झाली आहे म्हणाले, ती सर्दी नव्हती.

पाच तारखेला काम सुरू झालं. मी चिहारुसमोर कमरेत वाकले आणि सांगून टाकलं. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ती ओरडली नाही. म्हणाली, "मावशी, आधी उभ्या राहा, तुमची कंबर धरेल." मग खिशातलं संत्रं सोलून अर्धं मला दिलं, अर्धं तिने खाल्लं, आणि काचा पुसायच्या कागदात तोंड लपवून रडली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका म्हातारीने आपला हुशारपणा दाखवायला केलेल्या एका चिठ्ठीपायी तिची नोकरी, तिची पदवी, सगळं गेलं होतं. नवा ससा टोचायचा तर अर्ज, समिती आणि मग तीन महिने. आमच्याकडे पंचवीस दिवस होते.

मी प्राणिगृहात गेले, ते वेड्या आशेने. तिथले नांबासान तुला आठवतात ना? उंच, दिवसाला तीन शब्द बोलणारे, तुझ्या सूत्रांच्या वेळी पहिल्या रांगेत मान खाली घालून उभे राहणारे. (आम्ही म्हणायचो, किती हळवा माणूस.) त्यांना विचारलं, सात नंबरचं थोडं रक्त कुठे गोठवून राहिलं आहे का, चुकून, कोपऱ्यात? ते फरशी पुसत होते. तीच एक फरशी त्यांनी चार वेळा पुसली. मग म्हणाले, "बाई, रविवारी दुपारी घरी या." तीनाऐवजी पाच शब्द झाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवारी गेले. बाहेर कडाक्याची थंडी, त्यांनी कोतात्सूकडे बोट दाखवलं. मी गोधडी उचलून टेबलाखालच्या उबेत पाय सरकवले, आणि माझ्या पायावर कुणीतरी येऊन बसलं. मऊ, जड, आणि हक्काने. मी किंचाळले. नांबासाननी चहा ओतत मान खालीच ठेवून सांगितलं, "सातोबा आहे. त्याला आता दिसत नाही, माणसाच्या पायावर बसलं की बरं वाटतं त्याला." सातोबा म्हणजे क्रमांक सात! त्या निरोपाच्या दिवशी त्याला उचलून नेताना त्याने यांच्या मनगटावरचा घाम चाटला. दोन वर्षं रोज खायला घालणाऱ्या माणसाचे हात तिथेच थांबले. कानातून जेवढं घेता येईल तेवढंच रक्त घेतलं, कागदावर शिक्का मारला, आणि ससा जेवणाच्या टोपलीतून घरी आणला. "आणि त्याच्या नावाने पिशवीत काय जाळलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "वजन जुळायला हवं होतं. साडेतीन किलो. कोबी दोनच किलो भरला. मग वर मुळा घातला."

दादा, तू बसला आहेस ना? त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तू शिळेपुढे डोळे मिटून, गळा भरून, ज्याला सद्गती मागितलीस, तो एक कोबी आणि एक मुळा होता. आणि नांबासान पहिल्या रांगेत हळवेपणाने नव्हे, शरमेने उभे असायचे. मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. सातोबाने माझा पाय सोडला नाही.

आता त्याच्या रक्ताचा प्रश्न. तो कुणाच्या घरचा म्हातारा ससा, त्याला सुई लावायचा आम्हाला अधिकार नाही, आणि मला तो धीरही नव्हता. पण दर जानेवारीत नांबासान त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेतात, आणि डॉक्टर कानातलं थोडं रक्त घेऊन मूत्रपिंडं तपासतात. तपासून उरतं ते फेकतात. या वेळी आम्ही मागून घेतलं. दहा थेंब. चिहारु ती नळी उजेडात धरून म्हणाली, "सहा वर्षं झाली, मावशी. एवढ्यात तो विसरला असेल." मलाही तसंच वाटत होतं, पण मी म्हटलं, विसरायला तो काय आपल्यासारखा कामात आहे?

पहिल्या खेपेला सगळी काच गढूळ, चहा सांडल्यासारखी. मी तोफू आठवून खाली बसले. चिहारु मात्र उभीच. तिने तोच पंधरा मण्यांचा तुकडा बारीक गोळ्यांवर चिकटवला आणि उरलेलं सीरम त्यावरून सावकाश गाळलं. जे ओळखत नाही ते वाहून जाऊ दे, जे ओळखतं तेवढंच चिकटून राहू दे. मग चिकटलेलं सोडवून घेतलं. हाताशी उरले तीन थेंब. तीन काचा, प्रत्येकीवर एक.

एकवीस जानेवारी, बुधवार, सकाळचे अकरा. आधी मियाके मॅडमनी बघितलं, मग चिहारुने, मग मी. पहिली काच शांत ठेवलेल्या उंदराची: रंग पेशीभर विरळ पसरलेला. दुसरी अर्धा तास नळीत अडकवून ठेवलेल्या उंदराची: तोच रंग पेशीच्या मधोमध गोळा झालेला, एकेक केंद्रक गडद, रांगच्या रांग. भीती त्याच्या मेंदूत कुठवर गेली ते मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. आणि तिसरी काच, ज्या मेंदूत रिसेप्टर नाहीच, तिच्यावर काही नाही. एक ठिपका नाही. मी आयुष्यात इतकं सुंदर काही-नाही पाहिलं नव्हतं. मॅडम चष्मा पुसत राहिल्या. चिहारु तोंडावर हात धरून हसत होती की रडत होती, ते मी विचारलं नाही.

दादा, मला तेव्हापासून नीट झोप लागत नाही, पण ती वाईट झोप नाही. विचार कर. त्या सशाने तो पंधरा मण्यांचा तुकडा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्यापासून त्याला कसला धोका नव्हता. आम्ही त्याला फसवलं होतं. आणि तो सहा वर्षं मुळ्याचा पाला खात, कोतात्सूखाली झोपत, आंधळा होत, आत कुठेतरी तो तुकडा जपत राहिला. आम्ही त्याला यादीतून खोडलं, तू त्याची सूत्रं म्हटलीस, आणि त्याचं रक्त अजून आमचंच काम करत होतं. मला हे कळत नाही. कसं होतं ते मी पाठ सांगू शकते, पुस्तकात आहे. तरी कळत नाही. त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी सूक्ष्मदर्शकापुढे हात जोडले. तुला सांगताना लाज वाटते आहे, पण जोडले.

लपवाछपवी मात्र चालणार नव्हती. रक्त कुठून आलं हे प्रबंधात खरंच लिहावं लागतं. मी आणि नांबासान मियाके मॅडमच्या पुढे जाऊन उभे राहिलो आणि सगळं सांगितलं, कोबीसकट. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "खातोय का नीट?" त्यांनी स्वतः समितीला पत्र लिहिलं, आणि प्रबंधात वाक्य आलं: 'अँटीबॉडी एका सेवानिवृत्त सशाकडून, त्याच्या सांभाळकर्त्याच्या संमतीने.' परीक्षकांनी त्या एका वाक्यावर पाऊण तास घेतला. आणि परवा, पंचवीस तारखेला, चिहारु पास झाली. नांबासानना विद्यापीठाची लेखी समज मिळाली. तिची घडी करून त्यांनी सातोबाच्या डुगडुगणाऱ्या पाण्याच्या भांड्याखाली घातली आहे.

असं सगळं आहे. बाकी क्षेम. वहिनीला सांग, लोणच्याची बरणी परत करते, पण रिकामी नाही.

तुझी धाकटी,
हिसाए

ता. क. मेलेल्या उंदराला सूत्राचा काय उपयोग, या माझ्या वाक्यातली दुरुस्ती लिहायची राहिली. उंदराचं मला अजूनही माहीत नाही. पण सूत्र म्हणताना पहिल्या रांगेत कोण उभं आहे, तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

ता. क. २. नांबासान निवृत्त होतात. उरलेली रजा घेऊन ते याच आठवड्यात कोबेला लेकीकडे राहायला चालले. तिच्या इमारतीत जनावर चालत नाही, माझ्या इमारतीतही नाही. तुझ्या देवळामागची कोळशाची खोली रिकामी आहे आणि तिथे दुपारी ऊन येतं. (मापं वहिनीने कळवली. तिला रागावू नकोस, ती आधी नाहीच म्हणाली होती, निदान पाच मिनिटं.) तुझ्या भाजीच्या वाफ्यांची काळजी करू नकोस. कोबीला तो तोंड लावत नाही.

ता. क. ३. तो नऊ वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, एखादं वर्ष. ती वेळ आली की त्याच्यासाठी पुन्हा एकदा म्हण, या वेळी खरं. मी पहिल्या रांगेत बसेन.

ता. क. ४. आत्ता लक्षात आलं, टपालवाले शनिवार-रविवार पत्रं वाटत नाहीत, म्हणजे हे तुझ्या हातात सोमवारी पडेल. सातोबा आणि मी रविवारी सकाळच्या बसने येतो आहोत. तेव्हा हो म्हणाल्याबद्दल तुझे मनापासून आभार.